गाय माजावर आली हे कसं ओळखायचं: मुंबईच्या गोठ्यात नव्याने आलेल्यांसाठी

गोरेगाव, जोगेश्वरी, मालाडच्या पट्ट्यात किंवा आरेतल्या एखाद्या पाड्यावर ज्यांनी अलीकडेच दोन-चार गाई बांधल्या आहेत, त्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. गाय व्याली, दूध चांगलं देते, पण पुन्हा गाभण राहत नाही. जरा खोलात जाऊन विचारलं की कळतं, भरवण्याची (गाभण राहण्यासाठी कृत्रिम रेतन करून घेण्याची) वेळच आलेली नाही, कारण ती माजावर, म्हणजे गाभण राहू शकेल अशा अवस्थेत, कधी आली हे गोठ्यात कुणाला माहीत नाही.

यात नवख्यांचा दोष कमी आहे. मुंबईच्या तबेल्यांची जुनी रीत अशी की दुभतं जनावर बाहेरून आणायचं, आटलं की परत पाठवायचं आणि त्याच्या जागी दुसरं आणायचं. १९४९ साली आरे वसाहत उभी राहिली तरी जनावर याच शहरात गाभण राहावं, इथंच व्यावं, ही सवय सगळीकडे मुरली नाही. त्यामुळे धार काढणारे हात तयार मिळतात, माज ओळखणारी नजर मात्र शिकावी लागते. चार गाईंच्या गोठ्याला दरवेळी नवी गाय आणणं परवडत नाही. म्हणून ही नजर तुमची स्वतःची हवी.

आधी हिशेब समजून घ्या

गाय साधारण दर २१ दिवसांनी माजावर येते. १८ ते २४ दिवसांचा फरक नेहमीचाच. खरा माज, म्हणजे गाय दुसऱ्या जनावराला अंगावर चढू देते तो काळ, जेमतेम १२ ते १८ तासांचा असतो. भरपूर दूध देणाऱ्या होल्स्टीन संकरित गाईत तो आठ-दहा तासांवरही येतो. बीजांड सुटतं ते माज सुरू झाल्यापासून साधारण २४ ते ३२ तासांनी, म्हणजे लक्षणं ओसरल्यावर. एक माज हुकला की तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांचा चारा, पेंड आणि पाणी तुम्ही घालताच, वासरू मात्र तेवढं लांब जातं.

व्यायल्यावर पहिला माज बहुधा महिन्याभरात येतो आणि तो पुष्कळदा मुका असतो, बाहेरून काही दिसत नाही. तो भरवायचाही नसतो. गर्भाशय पूर्ववत व्हायला वेळ द्यायचा आणि साधारण दोन महिन्यांनंतरच्या माजाला भरवायचं. तरीही पहिल्या माजापासून तारीख लिहायला सुरुवात करा, पुढचा अंदाज त्यावरूनच येतो.

पायरी पहिली: तिचा रोजचा दिवस पाठ करा

माजाची लक्षणं पाठ करण्याआधी गाईचा साधा दिवस पाठ करा. कोणती गाय आंबोण टाकताच तुटून पडते, कोणती सावकाश खाते, कोण धार झाल्यावर लगेच बसते, कोण मुळातच ओरडकी आहे. काही गाई वर्षभर हंबरतात, त्यांच्या हंबरण्याला अर्थ नसतो. एरवी गप्प असणारी गाय एके दिवशी मान वर करून दरवाजाकडे बघत सारखी हंबरू लागली, तर ती काहीतरी सांगते आहे. माज ओळखणं म्हणजे आज हिचं काय वेगळं आहे हे ओळखणं. ज्याला रोजचं माहीत नाही त्याला वेगळं दिसणार कसं?

धार काढणारा माणूस वेगळा असेल तर त्याच्याशी रोज दोन शब्द बोला. कोण दूध चोरते आहे, कोणी लाथ उगारली, कोणाचं दूध एका वेळेला अचानक उतरलं, हे सगळ्यात आधी त्याच्या हाताला कळतं.

पायरी दुसरी: बघायची वेळ ठरवा

सगळ्यात जास्त चुकतं ते इथं. आपण गाईंकडे बघतो धारेच्या वेळी, वैरणीच्या वेळी, शेण काढताना. तेव्हा त्या खाण्यात नाहीतर माणसांच्या गडबडीत असतात. माजाची हालचाल जास्त होते संध्याकाळनंतर, रात्री आणि पहाटे, गोठा शांत झाल्यावर. मुंबईच्या दमट दिवसात तर अधिकच, कारण दुपारी गाय उष्म्यानेच बेजार असते.

दिवसातून तीनदा, दरवेळी २० ते ३० मिनिटं द्या. एक वेळ रात्री साडेनऊ-दहाची, वैरण खाऊन झाल्यावर. दुसरी पहाटे, धारेची बादली वाजायच्या आधी. तिसरी दुपारी, गाई रवंथ करत असतात तेव्हा. हातात काम घेऊन जाऊ नका. फोन खिशात ठेवा. नुसतं उभं राहून बघायचं आहे, आणि हे काम आहे हे घरच्यांनाही पटवून द्या.

रात्रीची वेळ सगळ्यात मोलाची का, ते सांगतो. दहा वाजता ट्यूबलाइटच्या उजेडात गोठ्यात शिरलात की बहुतेक गाई बसलेल्या दिसतात, डोळे अर्धवट मिटलेले, जबडा संथ फिरतोय. त्यांत एकच उभी आहे. तिचा रवंथ बंद आहे. कान सारखे पुढे-मागे होतायत, शेजारणीच्या पाठीवर नाक लावून पुन्हा मागे वळून बघते, दावं ताणते, पाय बदलते. शेपटी नेहमीसारखी चिकटून पडलेली नाही, थोडी उचललेली, बाजूला. मागे वाकून पाहिलं की काचेसारखी एक लांब तार शेपटीच्या केसांत अडकून उजेडात चमकते. दिवसा गोंगाटात हीच गाय तुमच्या नजरेतून सुटली असती.

पायरी तिसरी: पाणी मारायच्या आधी मागे बघा

मुंबईच्या गोठ्यात ही गोष्ट मी सगळ्यात वर ठेवीन. इथं स्वच्छतेसाठी आणि उष्म्यासाठी दिवसातून दोन-तीनदा कोब्यावर पाईप धरला जातो, धारेआधी जनावरंही धुतली जातात. माजाचा सगळ्यात मोठा पुरावा त्या पाण्याबरोबर गटारात जातो. माजावरची गाय योनीमार्गातून स्वच्छ, पारदर्शक, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा चिकट स्राव टाकते. काही भागांत त्याला सोट म्हणतात, काही भागांत बळस. गाय बसली की पोटावर दाब येतो आणि सोट बाहेर पडतो, म्हणून तो गाईपेक्षा तिच्या मागच्या फरशीवर जास्त सापडतो. शेपटीच्या केसांवर आणि मांड्यांवर वाळलेली चकाकती खपलीही बघा. ती आदल्या रात्रीची खूण असते.

म्हणून नियम करा: पाईप सोडण्याआधी बॅटरी घेऊन प्रत्येक गाईच्या मागे एकदा फिरायचं. पाणी मारणाऱ्या माणसाला हे शिकवलंत तर तोच तुमचा सगळ्यात चांगला पहारेकरी होईल.

सोट स्वच्छ असेल तरच माज निरोगी. त्यात पांढरे-पिवळे पुवाचे कण असतील, गढूळ असेल किंवा वास येत असेल, तर गर्भाशयाला संसर्ग असू शकतो. अशा वेळी रेतन करू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि रक्ताची रेघ दिसली तर घाबरू नका. माज संपल्यावर एक ते तीन दिवसांत बऱ्याच गाईंना, विशेषतः कालवडींना, थोडं रक्त जातं. त्यावरून गाय गाभण राहिली की नाही हे काहीच कळत नाही. एवढंच कळतं की माज होऊन गेला आणि आता भरवण्यात अर्थ नाही. तारीख लिहा आणि १७ ते २० दिवसांनी पुन्हा डोळ्यांत तेल घालून बघा.

पायरी चौथी: तिला मोकळी सोडून बघा

माजाची एकच खूण पक्की आहे: दुसरी गाय अंगावर चढली तरी ती हलत नाही, स्थिर उभी राहते. बाकी सगळ्या खुणा संशयाच्या. पण चोवीस तास दावणीला बांधलेली गाय उभी राहून दाखवणार कुणाला? म्हणून शक्य असेल तिथं सकाळ-संध्याकाळ अर्धा तास दोन-तीन गाई एकत्र मोकळ्या सोडा. मातीची जागा हवी. ओल्या कोब्यावर गाय चढायला धजत नाही, आणि चढलीच तर पाय फाकून जायबंदी होते. आरेत किंवा पाड्यांवर अशी जागा मिळते. दाट वस्तीत नसेल तर सपाट कोरडी जागा आणि रबरी मॅट, निदान फरशीला खाचा पाडून घ्या.

मोकळं सोडल्यावर कोण चढते यापेक्षा कोण उभी राहते याकडे लक्ष द्या. चढणारी गाय माजावर असेल, येण्याच्या बेतात असेल किंवा नुसती दांडगाई करत असेल. खाली उभी राहणारी मात्र नक्की माजावर आहे. खालची गाय निसटून पळाली तर ती अजून तयार नाही, काही तासांनी पुन्हा बघा. याच्या आधीच्या तासांत आणखी काही गोष्टी दिसतात. दोघी-तिघी एकमेकींभोवती घुटमळतात, एकमेकींच्या मागे नाक लावून हुंगतात, वरचा ओठ उचलतात, दुसरीच्या पाठीवर हनुवटी टेकवून जोर देतात. गाभण गाईही क्वचित असं करतात, म्हणून भरवण्याआधी वही उघडायची.

इथं एक सावधगिरी. माजावरच्या गाईकडे पाठ करून खाली वाकू नका. ती माणसाच्या अंगावरही चढते. पाचशे किलोचं जनावर आहे.

जागा नसेल तर

बांधलेल्या गाईत खुणा जुळवाव्या लागतात. एका खुणेवर विश्वास ठेवू नका, तीन-चार एकत्र दिसल्या की फोन करा. अस्वस्थपणा, सगळ्या बसल्या असताना एकटीचं उभं राहणं, वेगळं हंबरणं, खाण्यावरून लक्ष उडणं, पान्हा चोरणं, थोडं थोडं वरचेवर मुतणं, निरण (योनीचा बाहेरचा भाग) सुजून सुरकुत्या जाणं आणि आतून लालसर ओलसर दिसणं. दूध एखाद्या वेळेला उतरतं आणि पुढच्या धारेला भरून निघतं. आजारात ते उतरतच राहतं, ताप असतो, डोळे मलूल असतात. माजात गाय तरतरीत असते.

एक साधी परीक्षा करता येते. गाय शांत असताना बाजूला उभं राहून तिच्या कमरेवर, माकडहाडाच्या पुढे, तळहाताने दाब द्या. एरवी ती अंग चोरते, बाजूला सरकते. माजावर असेल तर कंबर खाली वाकवते, शेपटी बाजूला करते आणि उभी राहते. एरवीही सगळं सहन करणारी गरीब गाय असेल तर या परीक्षेचा उपयोग नाही.

शेपटीच्या मुळाशी रंगाचा किंवा खडूचा पट्टा ओढायची युक्तीही सांगितली जाते. दुसरी गाय चढली की पट्टा पुसला जातो, सकाळी कळतं. उत्तम युक्ती आहे, पण मोकळ्या गाईंसाठी. बांधलेल्या गाईला ती लावून उपयोग नाही. त्यापेक्षा गोठ्यात रात्री दिसणारा एक साधा कॅमेरा बसवा आणि सकाळी चहा पिताना रात्र भराभर पुढे सरकवत बघा. कोण सारखी उठबस करत होती ते पाच मिनिटांत दिसतं.

मुंबईची हवा

उष्मा आणि आर्द्रता मिळून जो निर्देशांक काढतात, तो ७२ च्या वर गेला की दुभत्या गाईला ताण पडू लागतो. मुंबईत ३१ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असली तर तो ८४ च्या घरात जातो, आणि असा दिवस इथं काही विशेष नाही. ताणातली गाय माज कमी वेळ आणि कमी ठळक दाखवते. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात म्हणून रात्रीची फेरी चुकवायची नाही. पंखे, अंगावर पाणी आणि लगेच वारा, छपराला उंची, चोवीस तास थंड पिण्याचं पाणी, यांनी माज दिसायलाही मदत होते. पावसाळ्यात खूर नरम पडून गाई लंगडतात. लंगडी गाय ना चढते ना चढू देते, तिचा माज सोटावरूनच पकडावा लागतो.

गीरसारख्या देशी गाईंचा माज संकरित गाईंपेक्षा सौम्य आणि पुष्कळदा रात्रीचा. म्हशीचा तर आणखी दबलेला: एकमेकींवर चढणं फारसं दिसत नाही, वरचेवर मुतणं, ओरडणं आणि निरणाची सूज यांवर भिस्त ठेवावी लागते. गोठ्यात दोन्ही असतील तर गाईच्या मापाने म्हशीला मोजू नका.

पायरी पाचवी: लिहा

भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहिलंत तरी चालेल. गाईचं नाव, माजाची खूण, वेळ. २१ दिवस म्हणजे बरोबर तीन आठवडे, त्यामुळे वार तोच येतो. सोमवारी माजावर आली तर तिसऱ्या सोमवारी पुन्हा अपेक्षा धरायची, आणि त्याआधीच्या शुक्रवारपासून नंतरच्या गुरुवारपर्यंत तिच्यावर खास नजर. पुढच्या चौकटींत आधीच तिचं नाव लिहून ठेवा. चार गाई असतील तर महिन्यातले मोजकेच दिवस जागं राहावं लागेल, हे या नोंदीमुळेच कळतं.

पायरी सहावी: कधी भरवायची

सकाळी स्थिर उभी राहिलेली दिसली तर त्याच संध्याकाळी, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणजे साधारण १२ तासांनी. नुसती अस्वस्थता दिसली तर घाई नको, ती सुरुवात असते. रेतन करणाऱ्याला मात्र खूण दिसताच कळवा. त्याला दहिसरहून किंवा ठाण्याहून वीर्याच्या कांड्या ठेवलेलं थंड नायट्रोजनचं भांडं घेऊन गर्दीतून यायचं असतं. फोनवर 'गाय माजावर आहे' एवढंच सांगू नका. किती वाजता, काय दिसलं, सोट कसा आहे, मागचा माज कधी, हे चार तपशील द्या, म्हणजे तो वेळ नीट ठरवेल.

डॉक्टर कधी

व्यायल्यावर दोन महिने झाले आणि माज दिसला नाही, माज आठ-दहा दिवसांनीच परत येतो किंवा संपतच नाही, तीनदा भरवूनही गाय उलटते (पुन्हा माजावर येते), संकरित कालवड दीड वर्षाची, अंगाने भरलेली असून माज नाही: या चारही वेळी तपासणी करून घ्या. परळचं बैलघोडा हॉस्पिटल आणि तिथलं १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय मुंबईकरांना ठाऊक आहे. सरकारच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

कळकळीची विनंती: माजावर आणायचं इंजेक्शन कुणाच्या सांगण्यावरून टोचू नका. गाय माज दाखवत नाही याचं एक कारण ती गाभण असणं हेही असू शकतं, आणि त्यातली काही इंजेक्शनं गाभण गाईला दिली तर गर्भ पडतो. आधी हात घालून तपासणी, मग औषध.

भरवल्यानंतर

फेऱ्या थांबवू नका. १८ ते २४ दिवसांत पुन्हा तशाच बघा. माज आला तर गाय उलटली, ताबडतोब कळवा. नाही आला म्हणून गाभण समजून मोकळे होऊ नका, मुका माज असू शकतो. सोनोग्राफीने महिन्याभरात कळतं, हाताने तपासून साधारण दोन ते तीन महिन्यांत. गाभण ठरली की भरवल्याच्या तारखेत २८० दिवस मिळवून व्यायची तारीख लिहा, आणि त्याच्या दोन महिने आधी दूध आटवायची तारीखही त्याच पानावर.